चाळीस कलमं आणि एक कुंची

वाडीचे पाटील तात्यासाहेब यांच्या खळ्यावर त्या पहाटे मुंगीला शिरायला जागा नव्हती. घोंगड्या पांघरून, कानटोप्या ओढून सगळी वाडी जमली होती. मधोमध कडब्यावर पाण्याच्या दोन पराती रात्रभर ठेवलेल्या. एका परातीत नुसतं पाणी, दुसरीत तात्यासाहेबांकडं उतरलेल्या गारठेबाबांनी आपल्या हातानं टाकलेली मूठभर विभूती.

बाबांनी पहिल्या परातीवर बोटानं टकटक केलं. वर सायीसारखा बर्फाचा पापुद्रा धरला होता! दुसऱ्या परातीत मात्र पाणी डुचमळत होतं.

"बघितलं?" बाबा गरजले. "थंडी म्हंजी माझी धाकटी भैन. बारा सालं हिमालयात एका ताटात जेवलोय आम्ही. मी बस म्हणलं की बसती, ऊठ म्हणलं की उठती. माझ्या इजाजतीबिगर तुमच्या एका पानाला हात लावायची नाय."

लोक भुईवर डोकी टेकू लागले. अजिंठ्याच्या डोंगरपठारावरची ही वाडी. दोन दिवसांपासून वारा पडला होता, आभाळ लखलखीत होतं आणि पहाटे गवतावर पांढरं हिंव उतरत होतं. रझाकारांच्या धामधुमीत लोक गाव सोडून गेले, तेव्हा इथल्या बागा पाण्यावाचून वाळून गेल्या. पोलीस ॲक्शननंतर माघारी येऊन, चार वर्षं खपून त्यांनी पुन्हा मोसंबी लावली होती. ती बाळझाडं जातील या धास्तीनं सगळे अर्धमेले झाले होते.

गर्दीच्या कडेला सरू उभी होती. वर्षाची सारजा काखेत, पोरीच्या डोक्यावर पाठीपर्यंत येणारी फुलाफुलांची कुंची. सरूचं माहेर औरंगाबादेतलं. बाप तिथल्या एका बागेत माळी. तिच्या नवऱ्यानं, रामकिसननं, पावसाळ्यात चाळीस कलमं लावली ती बापाकडूनच आणलेली. पोर पाठीशी बांधून सरूनं ती घागरीनं जगवली होती. आणि हिंव पडू लागताच, बाप करायचा तसं, प्रत्येक रोपावर कडब्याची टोपी बांधली होती, उगवतीकडून तेवढी उघडी ठेवून.

"कुणी झाडं झाकली असतील तर आत्ताच्या आत्ता उघडी करा," बाबा म्हणाले. "झाडाला देवाचं आभाळ दिसलं पायजे. झाकलं की माझं बंधन तुटलं! ही विभूती पाण्यात कालवून मुळाशी घाला. पण खबरदार, माणसाच्या तोंडी लागली तर जीभ गळून पडंल."

सरू सासूला हळूच म्हणाली, "आत्याबाई, टोप्या राहू द्या. माझा बाप..."

"तुझा बाप माळी हाय, देव नाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "लई शानी झालीस व्हय?"

सरूनं नवऱ्याकडं पाहिलं. रामकिसन खाली मान घालून बागेकडं चालू लागला. दुपारपर्यंत त्यानं स्वतःच्या हातानं चाळीसही टोप्या उपसल्या. सासूनं विभूतीचं पाणी तांब्यातांब्यानं मुळाशी ओतलं. सरू विहिरीवर सारजाची दुपटी धूत राहिली. डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसू नये म्हणून तोंडावरही दोनदा पाणी मारलं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं आणि बाग संपली. पानं उकळत्या पाण्यातून काढल्यासारखी लोंबत होती. ऊन चढलं तशी ती काळी पडली. रामकिसन बांधावर मटकन बसला. वाडीतल्या साऱ्याच बागांची ती गत.

एकच कलम हिरवं होतं, विहिरीजवळचं. त्याच्यावर सारजाची कुंची होती. काल धुऊन तिथं वाळत घातली आणि रडण्याच्या भरात सरू ती उचलायला विसरली होती.

बाबांना बातमी लागायला वेळ लागला नाही. ते बांधावर आले, कुंची बघितली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"हे बघा पाप! हिनं एक झाड झाकलं म्हणून गावाची सगळी जळली."

"पण बाबा," सरू पुढं होऊन म्हणाली, "झाकलेलंच वाचलं की!"

"थंडीनं त्याचा राग बाकीच्यांवर काढला!"

लोकांनी माना डोलावल्या. द्वारकाबाई फणकारल्या, "उद्याच्याला हिला माहेरी धाडते. पोर राहील इथंच."

झाडं गेली ती गेली, आता पोरही?

ती घरात शिरली तर सारजा देव्हाऱ्यापाशी बसलेली. हातात उरलेल्या विभूतीची फाटकी पुडी, बोटं तोंडात. सरू किंचाळली. पदरानं पोरीची जीभ पुसली, पुन्हा पुसली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं पुडीतली चिमूट उचलून स्वतःच्या जिभेवर टाकली. पोरीचं जे होईल ते माझंही होऊ दे.

जीभ गळली नाही. सारजा मिटक्या मारत पुन्हा पुडीकडं हात करत होती. अगदी तशीच, जशी ती चुलीजवळच्या मडक्यातला खडा मागायची.

"मीठ!" सरू पुटपुटली. "मेल्यानं राखेत मीठ कालवलंय."

थंडी अजून आपलंच ऐकते हे दाखवायला संध्याकाळी बाबांनी पुन्हा पराती मांडल्या. चार लोकांसमोर सरूनं शेजारी तिसरी ठेवली. त्यात पाणी आणि घरच्या मडक्यातलं मूठभर मीठ.

"हे काय?" बाबांनी डोळे वटारले.

"माझी विभूती. आमच्या चुलीनं दिलेली."

लोक हसले. पहाटे मात्र कुणी हसलं नाही. नुसत्या पाण्यावर बर्फ होता. बाबांच्या परातीत पाणी आणि सरूच्या परातीतही पाणी.

"बाबा," सरू म्हणाली, "आमच्या मिठानं कवा हिमालयात तप केलं वो? सांडूभावजी, दोन्ही परातीत बोट बुडवून चाटा."

सांडू गावातला टग्या. त्यानंही आधी सरूच्या परातीतलं चाटलं. मग बाबांच्या परातीतलं चाटलं आणि तो थुंकला. "आयला, दोन्ही खारट!"

"खारं पाणी लवकर गोठत नाय, एवढीच करामत. आन् तेच तुम्ही मुळाशी ओतलंत." सरूनं सारजाची कुंची वर धरली. "ही पोरीला ऊब देती व्हय? नाय. पोरीची ऊब जाऊ देत नाय. भुईतबी दिवसाची ऊब असती. आभाळ उघडं असलं की ती पहाटेपर्यंत निघून जाती. कडब्याच्या टोपीखाली ती अडली असती. ह्यानं उघडी करायला लावली आन् आपण केली."

बाबा बंधन, विटाळ, कलियुग असं काहीबाही बोलत होते. दिवस वर येईपर्यंत ते तात्यासाहेबांच्याच बैलगाडीतून निघून गेले. कुणी अडवलं नाही. तात्यासाहेब म्हणाले, "झालं गेलं. गावाची शोभा नको."

माहेरी धाडायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पण चुकलं, असंही कुणी म्हणालं नाही. रामकिसननं आठ दिवस गोड पाणी पाजून मुळांतलं मीठ धुवायचा प्रयत्न केला. एकही झाड फुटलं नाही. पुढच्या हिवाळ्यात नव्या रोपांवर त्यानं न सांगता कडबा बांधला, उगवतीचं तोंड मोकळं ठेवून. तेवढीच काय ती कबुली.

कुंचीखालचं झाड वाढलं. तिसऱ्या वर्षी त्याला फळ धरलं आणि एका सकाळी सरूला त्याच्या खोडावर कुंकू दिसलं. फांदीला दोरा, दोऱ्याला कुणाच्या तरी बाळाची चिमुकली कुंची. नवसाची. झाडाशी द्वारकाबाई हात जोडून उभ्या.

"जागृत झाड हाय, सरू."

सरूनं दोरा तोडला. कुंची झटकून, घडी घालून सासूच्या हातात दिली.

"आत्याबाई, जिची हाय तिला नेऊन द्या. पोर उघडं असंल थंडीत. झाडात काय नाय वो. ते झाकलं व्हतं म्हणून जगलं. बाकीची एकोणचाळीसबी जगली असती. कुणी काय बी दाखवू द्या, हात जोडायच्या आदी एकदा इचारा, हे आपल्या घरच्या परातीत व्हतंय का?"

कुंची पदराखाली धरून द्वारकाबाई गावाकडं चालू लागल्या. सरूनं पदराचं टोक ओलं केलं आणि खोडावरचं कुंकू पुसायला घेतलं. ते लवकर निघत नव्हतं.