रूसोसचा शर्ट

पेटी उघडी होती आणि शर्ट नव्हता.

गारिफालियानं पाहुण्यांच्या ओल्या चादरी तशाच टाकल्या आणि घळीची वाट धरली. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती धावत होती. समोरून पाठीवर पिशव्या लावलेले प्रवासी हसत, फोटो काढत समुद्राकडे उतरत होते. गावात यायचं तर ही घळ, नाहीतर होडी. सिफिसला होडीत घ्यायला कुणीच तयार नव्हतं. उद्या त्याची आई वारल्याचा चाळिसावा दिवस. छत्तीस वर्षांनी तो पायीच येणार, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

छत्तीस वर्षांपूर्वी, एका मेंढीच्या कानावरच्या मालकीच्या खुणेवरून भांडण होऊन, याच घळीत सिफिसनं रूसोसच्या पोटात सुरा घातला होता. नवऱ्याचा रक्तानं माखलेला शर्ट तिनं धुतला नाही. रीतीप्रमाणे भिंतीवर टांगला. त्याच्याखाली बसवून तिनं तीन वर्षांच्या मानूसोसला घास भरवले.

"कुणाचा रे?"

"बाबाचा."

"कोण घालणार?"

"मी."

सूड घ्यायच्या दिवशी मुलानं तो अंगात घालायचा असतो. बोबडं उत्तर ऐकून ती हसायची. पुढे मानूसोसच्या मुलीनं शर्टाकडे बोट दाखवून तेच विचारलं, तेव्हा मात्र तिच्यानं उत्तर देववलं नाही. शर्ट पेटीत गेला.

कडे जवळ येऊन वाट अगदी चिंचोळी होते, तिथं, प्रवाशांची रांग मागे पडल्यावर, तिला आधी आवाज ऐकू आला. ओल्या कपड्यावर धोपाटणं बसावं तसा. मानूसोस बंदुकीच्या दस्त्यानं सिफिसचं तोंड ठेचत होता. सिफिस ओढ्यात गुडघ्यांवर बसला होता. एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला, दातासकट रक्त पाण्यात पडत होतं. त्यानं अडवायला हातसुद्धा उचलला नव्हता.

"आई, तू घरी जा."

"शर्ट का नाही घातलास?"

त्याचा हात कमरेच्या गाठीकडे गेला.

"रीत विसरलास?"

"तूच शिकवलीस. विसरेन कसा?"

"मग घाल."

मानूसोसनं कमरेला बांधलेला शर्ट सोडला. डावा हात बाहीत घातला, तो दंडाशीच अडकला. जोर लावल्यावर शिवण उसवली.

"होत नाही," तो पुटपुटला. "सकाळपासून तीनदा बघितलं."

"बारीकच होता रूसोस," सिफिस रक्त थुंकत म्हणाला. "आम्ही दोघंही. तेवीसचे होतो."

मानूसोसनं त्याच्या बरगडीत लाथ घातली. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. सिफिस पाण्यात आडवा झाला. मानूसोसनं उजव्या हातानं बंदूक रोखली. डाव्या हातावर शर्ट लोंबत होता.

गारिफालिया पाण्यातून मधे आली. तिनं बंदुकीकडे पाहिलंही नाही. शर्टाची बाही धरली आणि त्याच्या लहानपणी म्हणायची तशी म्हणाली,

"हात वर कर. फाटेल."

एकोणचाळीस वर्षांच्या माणसानं हात वर केला. बाही दंडाला घट्ट रुतली होती. ओढायला त्याला दुसरा हात लागला, म्हणून बंदूक खडकावर ठेवावी लागली.

शर्ट निघाल्यावर त्यानं ती पुन्हा उचलली नाही. तो कड्याला टेकून बसला आणि मोठ्यानं रडला. सिफिस बरगडी धरून, कड्याच्या आधारानं आपल्या आईच्या घराकडे उतरत गेला.

दुपारी तिनं चादरींबरोबर शर्टही धुतला. डाग काही निघाला नाही. समुद्राच्या वाऱ्यावर तो पांढऱ्या चादरींमध्ये हलत राहिला. उतरून आलेल्या एका पाहुणीनं त्याच्याकडे बोट दाखवलं.

"मुलाचा का?"

गारिफालियानं उसवलेली बाही सरळ केली.

"हो," ती म्हणाली. "तेवीस वर्षांच्या पोराचाच."