जोंगाचं ऑइल

बाबांची जोंगा जीप सैन्याच्या लिलावातली. बाबा राहायचे त्या आलमबागच्या गॅरेजमधल्या कॉम्प्युटरला ती ठाऊकच नव्हती.

"मॅडम, मॉडल ही नहीं आ रहा. जिप्सी डाल दूँ?" मॅनेजर शुक्लाजींनी विचारलं.

"कुछ भी डालिए, बस ऑइल बदल दीजिए."

बाहेर पाटी होती, वीस मिनिटांत ऑइल. दुपार कलली तरी गाडी तशीच उभी. येणारा प्रत्येकजण तिच्याशेजारी फोटो काढून घेत होता आणि वर मलाच विचारत होता, "बेचेंगी?"

मला ती उद्या पुण्याला, माझ्या घरी न्यायची होती. बाबा तिचं ऑइल कधी बाहेर बदलून घेत नसत, स्वतःच बदलत. पण वारण्याआधी कित्येक महिने ते आजारी होते, तेव्हा आतलं तेल जुनं, काळं झालेलं असणार असं मी धरून चालले होते.

अखेर गाडी वर उचलली गेली. मेकॅनिकने बोल्ट काढला आणि धार लागली ती मधाच्या रंगाची, स्वच्छ. म्हणजे त्या आजारपणात बाबा गाडीखाली शिरले होते. फोनवर रोज बोलायचे, पण हे सांगितलं नव्हतं.

"बंद कीजिए!" माझा आवाज चढला.

"अरे, आधा तो निकल गया, मॅडम," मेकॅनिक म्हणाला.

"आधा है न अंदर? उसी में नया डाल दीजिए."

"ऐसे मिक्स नहीं करते," शुक्लाजी वैतागले. "इंजन गया तो हम जिम्मेदार नहीं."

"मत होइए."

मेकॅनिकने बोल्ट पुन्हा कसला. शेवटचा थेंब थांबेपर्यंत मी वाकून बघत राहिले.