चावी गाडीतच आहे

मी एक पिकअप गाडी आहे. जुनी म्हणावी इतकी जुनी नाही. माझा रंग अजून उडालेला नाही. तरीही मी आज गोठ्यामागे, गंजक्या कुंपणाच्या तारांशेजारी उभी आहे. मित्रांनो, ही वेळ माझ्यावर का आली ते तुम्हाला सांगते. सांगताना आवाज चढला तर समजून घ्या.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे माझ्या अंगात चारशे घोड्यांचे बळ घातले गेले. मग वायरींचे जाळे विणून पोटात एक कंप्युटर बसवला. मला वाटले, ही माझी बुद्धी! कसली बुद्धी? तो माझ्यावर नेमलेला पहारेकरी होता, आणि त्याचा पगार दुसरेच कोणी देत होते.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, वाळूच्या टेकड्यांवर गुरे पाळणाऱ्या वर्लिन सेडलाचेकने मला विकत घेतले. त्याची आधीची हिरवी गाडी त्याने अर्धे आयुष्य स्वतःच्या हातांनी चालती ठेवली होती. तिचा तळ गंजून पायाखालचा रस्ता दिसू लागला, तेव्हा कुठे तो मला घ्यायला तयार झाला. त्याची बायको आर्लिस म्हणाली, "आता तरी रविवारी माझ्या वाट्याला येशील ना? का हिच्याही पोटाखाली जाऊन झोपणार?"

तो झोपलाच! पण पहिल्याच खेपेला त्याची दमछाक झाली. समोरचा एक दिवा बदलायला माझा अर्धा चेहरा उतरवावा लागला.

"दाढ काढायला डोकं उतरवावं, तसली तऱ्हा आहे ही," तो करवादला. आर्लिस खिडकीतून हसत होती. मला मात्र त्याचे हात फार आवडले. कुठे जोर लावायचा आणि कुठे थांबायचे, ते त्यांना न सांगता कळत असे.

त्या मुलुखात एक रीत आहे. गाडीची चावी घरात न्यायची नाही, गाडीतच ठेवायची. घरे एकमेकांपासून मैलोन् मैल दूर. कोणाला अडचण आली तर त्याने यावे, समोर दिसेल ती गाडी न्यावी, आणि परत आणताना टाकी भरून आणावी. चावी खिशात घालून फिरणाऱ्याला तिथे 'शहरी झाला' म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नव्हे. माझीही चावी कायम माझ्या सीटशेजारच्या खोबणीत असे.

मग एका हिवाळ्यात माझा धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाच्या टाकीतला सेन्सर बिघडला. 'दुरुस्ती करा, नाहीतर वेग कमी केला जाईल,' असा इशारा पडद्यावर झळकू लागला. कंपनीचे दुकान शंभर मैलांवर. त्यांनी तीन आठवड्यांनंतरची वेळ दिली. वर्लिन म्हणाला, "मग सुटा भाग द्या, मी बसवतो." त्यांनी दिला. एका वासराच्या किमतीला दिला, आणि वर एक अक्षर बोलले नाहीत.

गोठलेल्या जमिनीवर पाठ टेकून वर्लिनने तो दिवसभर खपून बसवला. बॅटरीची तार काढून पुन्हा लावल्यामुळे पडद्यावरचा इशारा तेवढ्यापुरता गेला. वर्लिनने माझ्या बॉनेटवर थाप मारली, "झाली गं बाई तू बरी!" मला आतून ठाऊक होते की पहारेकऱ्याने तो भाग ओळखलेलाच नाही. पण मला बोलता कुठे येते? माझा पडदादेखील त्याच्याच ताब्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारचा ड्वेन हाउगेन ट्रॅक्टर पळवत आला. शेजारी त्याची बायको लिओटा छाती धरून बसली होती. ड्वेनची गाडी इंजिन उतरवून पडलेली, आणि ॲम्ब्युलन्स जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गेलेली. वर्लिन गोठ्यात अडलेल्या गाईपाशी होता, कोपरापर्यंत हात आत. तो तिथूनच ओरडला, "ने गाडी! चावी गाडीतच आहे. कालच दुरुस्त केलीय, माझा शब्द!"

निम्म्या वाटेवर माझ्यात घंटी वाजली. पहारेकऱ्याने माझा गळा आवळला. ताशी पाच मैल, त्यापुढे एक पाऊल नाही. ड्वेन पाय दाबत होता, स्टिअरिंगवर मुठी आपटत होता. "चल ना गं! काय झालं तुला? चल!" मित्रांनो, माझ्यात चारशे घोडे होते आणि एकही सुटत नव्हता.

पांढऱ्याफटक पडलेल्या लिओटाने डोळे न उघडता म्हटले, "ड्वेन, लग्नाच्या दिवशी चर्चमध्येसुद्धा तू एवढा रेंगाळला नव्हतास."

"बोलू नकोस. दम खा."

टेकड्यांत फोन लागेना. बऱ्याच वेळाने टपाल वाटणाऱ्या बाईची खडखडती जुनी मोटार मागून आली आणि लिओटाला घेऊन गेली. लिओटा वाचली. पण तिच्या हृदयाचा एक भाग उशीर झाल्याने कायमचा गेला. जन्मभर घोड्यावर बसलेली ती बाई आता अंगणातल्या तीन पायऱ्या चढताना थांबते.

वर्लिनने मला खेचत दुकानात नेले. तिथल्या पोराने लॅपटॉप जोडला, दोन-चार बटणे दाबली आणि म्हणाला, "झालं. भाग तुम्ही अगदी बरोबर बसवला होता की."

"मग?"

"गाडीला तसं सांगावं लागतं. ते फक्त आम्हालाच सांगता येतं."

"विकताना का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

वर्लिनने मला घरी आणले. मला आई म्हणावे असे कोणी असेल तर तो कारखाना. त्यानेच माझ्या मालकाचा घात माझ्या हातून करवला. हे मी कधीही विसरणार नाही.

ड्वेनने वर्लिनला दोष दिला नाही. "तुझा काय दोष रे," एवढेच म्हणाला, पण जमिनीकडे बघत. पुढच्याच आठवड्यात त्याला गवताचे गठ्ठे न्यायचे होते. तो आमच्या फाटकावरून पुढे गेला आणि दूरच्या शेजाऱ्याची गाडी मागून आणली. वर्लिन अंगणातून पाहत होता. तो माझ्यापाशी आला, खोबणीतली चावी उचलली, आणि घरात घेऊन गेला.

मित्रांनो, गाडी घेताना तिचे बळ विचारा, पण एक गोष्ट त्याहून आधी विचारा: माझ्या हाताने बरी झाली तर ही ते मानेल का? माझ्यासाठी कोणीच तो प्रश्न विचारला नाही.

माझी चावी आता स्वयंपाकघरातल्या खिळ्याला असते. वर्लिनने कुठूनशी एक म्हातारी गाडी आणली आहे. तिचे दार दोरीने बांधावे लागते, आणि रविवारी तो तिच्याखाली झोपतो. परवा ड्वेन ती न विचारता घेऊन गेला. तिची चावी तिच्यातच होती.