लटारूची धडधड

“अरे लटारू, झालं ना जंपरची तार जोडणं? उतर ना मंग!” त्याचा जोडीदार धनराज खालून तिसऱ्यांदा ओरडला.

लटारू वाढई उतरला नाही. शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहून त्याने विजेच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली होती. लाईन बंद होती, कमरेला पट्टा होता, वाराही नव्हता. घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. तरी छाती धाडधाड उडत होती, बोटांना मुंग्या आल्या होत्या, घसा कोरडा पडला होता. आपण आता, या मिनिटाला मरणार, अशी त्याची खात्री झाली होती.

लटारू मुलचेऱ्याला लाईनमन होता. सव्वीस वर्षांत त्याने तालुक्यातले बहुतेक खांब हाताळले होते. रानातल्या कुठल्या वळणावरचा खांब कलला आहे, हे तो डोळे मिटून सांगायचा.

शेवटी धनराजच शिडी चढून आला. त्याने लटारूचा एकेक पाय धरला आणि खालच्या पायरीवर टेकवत टेकवत त्याला जमिनीवर आणलं. मग मोटरसायकलवर मागे बसवून सरळ दवाखान्यात.

दवाखान्यात छातीची ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम चांगलं आहे. ते ऐकून लटारू आणखीच खचला. हृदय चांगलं, तर मग हे काय? पुढच्या आठवड्यात आष्टीच्या बाजारात तसंच झालं, मग घरी जेवताना. बाजार सुटला, लग्नकार्यं सुटली. कामावर तो नुसती शिडी धरून उभा राहू लागला. धनराज त्याच्या वाटचे खांबही चढायचा आणि साहेबांनी विचारलं की सांगायचा, “आमचं दोघांचं बरोबर चालू हाये साहेब.”

बायको भागीरथाने त्याला माहेरच्या गावच्या पुजाऱ्याकडे नेलं. म्हाताऱ्या पुजाऱ्याने नारळ फोडला, अंगारा लावला. निघताना लटारूचा हात धरून म्हणाला, “अंगारा लाव, अन् मोठ्या दवाखान्यात बी जाय. माह्या मेव्हण्याले असंच होत होतं. त्याले गोळ्यांनी बरं वाटलं.”

मुलचेऱ्याच्या डॉक्टरांनीही तेच सुचवलं होतं. गडचिरोलीला मनाच्या आजारांचा विभाग, मंगळवारी. त्यांनी लिहून दिलेली चिठ्ठी लटारूने पंधरा दिवस शर्टाच्या खिशात ठेवली.

“मी का पागल आहो?” तो भागीरथावर खेकसला.

“पागल असता तं मी कधीचीच माहेरी गेली असती,” भागीरथा भाकरी थापता थापता म्हणाली. “आंग धू, अन् निळा शर्ट घाल. तो तुले चांगला दिसते.”

मंगळवारी सकाळच्या बसने दोघं निघाले. दवाखान्याच्या त्या दालनाशी पोहोचताच लटारूने दुपट्टा नाकापर्यंत गुंडाळला. बाहेर बाकांवर माणसंच माणसं होती. नऊवारीतल्या म्हाताऱ्या, एक शाळामास्तर वाटणारा गृहस्थ, तान्हं लेकरू मांडीवर घेतलेली एक पोरगी. सगळ्यांत शेवटच्या बाकावर, फाईल छातीशी धरून, धनराज बसला होता.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी धनराज सुट्टी घ्यायचा. सासऱ्याला भेटायला जातो म्हणायचा. असा प्रेमळ जावई साऱ्या जिल्ह्यात नाही, अशी सगळे त्याची थट्टा करायचे. सर्वांत जास्त लटारूच.

लटारूने दुपट्टा खाली केला. “तू इथी का करून राह्यला बे?”

धनराजने आधी भागीरथाकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे. “चार वर्ष झाले. मले काहीच करावंसं वाटत नव्हतं. जेवण नाई, बोलणं नाई. एक डाव तं विहिरीपाशी जाऊन उभा बी राह्यलो होतो. बायकोने इथी आणलं.”

“अन् सासरा?”

“सासरा कुठी हाये आता? तीन वर्ष झाले त्याले जाऊन.”

भागीरथा तोंडावर पदर धरून हसली. मग धनराज हसला. लटारूला मात्र हसू येईना. वीस वर्षं एका डब्यातलं जेवणाऱ्या माणसाविषयी आपल्याला हे ठाऊक नव्हतं.

“मले काऊन नाई सांगतलं?”

“तू हसला असता.”

खरंच हसला असता तो. लटारू सरकून धनराजला खेटून बसला, इतकंच.

आतल्या डॉक्टरबाई मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “काका, रानात अचानक वाघ समोर आला तर शरीराचं काय होतं?”

“छाती उडते. पाय कापते. घाम येते.”

“तुम्हाला तेच होतंय. फक्त वाघ नसताना. शरीराचा इशारा चुकीच्या वेळी वाजतो. हा आजार आहे, कमजोरी नाही, आणि याने जीव जात नाही. पंधरा-वीस मिनिटांत ती लाट आपोआप ओसरते. कधीपासून होतंय हे? त्याआधी काही घडलं होतं?”

लटारू नाही म्हणणार होता. पण तोंडातून निघालं, “चंदन पडला होता.”

गेल्या पावसाळ्यात त्यांचा जोडीदार चंदन ओल्या शिडीवरून घसरला होता. लटारूने त्याला मांडीवर घेतलं होतं. गाडी येईपर्यंत सगळं संपलं. दुसऱ्या दिवशी त्याच खांबाचं राहिलेलं काम लटारूने पूर्ण केलं. गावात अंधार होता, कुणीतरी करायलाच हवं होतं. त्याने ते केलं, हात धुतले आणि घरी येऊन जेवला. त्यानंतर चंदनचं नाव त्याने कधी काढलं नव्हतं.

आता मात्र तो रडला. भागीरथाने त्याला थांबवलं नाही. डॉक्टरबाईंनीही घाई केली नाही.

गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, मनाने बंद करायच्या नाहीत आणि आम्ही सांगेपर्यंत खांबावर चढायचं नाही, असं बाईंनी बजावलं. तसं पत्रही दिलं. ते लटारूने साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी पत्र वाचून त्याला काही महिने कार्यालयात तक्रारी लिहून घ्यायचं काम दिलं. लटारूचं अक्षर वाईट होतं, पण दुरुस्तीला निघालेल्यांना तो फोनवर नेमका खांब आणि तिथली वाट सांगायचा.

चार महिन्यांनी त्याला चढायची परवानगी मिळाली. बहुतेक दिवस चांगले जायचे, एखादा जायचा नाही. असाच एक दिवस जंगलाकडच्या एका टोल्यावर, छोट्या वाडीवर, उगवला. ट्रान्सफॉर्मरजवळची तार तुटली होती, सगळी वस्ती खांबाभोवती जमली होती. लटारूने शिडीला हात घातला आणि छातीत ती ओळखीची धडधड सुरू झाली. तो थांबला. लांब श्वास घेतला, सोडला.

“धनराज, आज तू चढ.”

“काऊन लटारूभाऊ, भेव लागते का?” गर्दीतून कुणीतरी विचारलं. दोघं-तिघं हसले.

“हो, लागते,” लटारू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “मले घाबरायची बिमारी हाये. गडचिरोलीले दवा चालू हाये. आता पह्यलेपेक्षा बरं हाये, पण आज नाई जमत.”

हसणं थांबलं. धनराज वर चढला. लटारूने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.

काम आटोपून सामान बांधताना बुधरी नावाची पन्नाशीची बाई जवळ आली. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तिने विचारलं, “भाऊ, कोन्त्या दिवशी रायते तो डॉक्टर?”

“मंगळवारी. कोनाले दाखवाचं हाये?”

तिने नुसता पदर सावरला. लटारूने पुन्हा विचारलं नाही. “मी या मंगळवारी चाललो. सकाळच्या गाडीने येजो,” एवढंच म्हणाला.

मंगळवारी ती बस थांब्यावर उभी होती, एकटीच. लटारूने तिला खिडकीशी जागा दिली. चामोर्शी आल्यावर ती हळूच म्हणाली, “तिथी का विचारते, भाऊ?”

“पह्यले तं नाव विचारते.”

बुधरीने मान हलवली. खिडकीबाहेर पाहत, पदराच्या आड, तिने आपलं नाव एकदा हळू आवाजात म्हणून पाहिलं.