खोचायची बाजू

"माय, तुले यान्हामा काय समजस? सोनेरीच लेऊत," चेतन म्हणाला आणि मोरांची रुंद पट्टी त्याने काउंटरवर ठेवलीसुद्धा.

उषाबाई पट्टीकडे बघत राहिल्या. गोडादऱ्यात भाड्याच्या खोलीत बसून तेवीस वर्षं त्यांनी लोकांच्या साड्यांना लेस लावली होती. कोणत्या साडीला कोणती लेस, ते शेठ ठरवायचा. यंदा स्वतःचं घर झालं, पुढच्या खोलीत भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर नक्षीची पट्टी लावायचं ठरलं, आणि ती निवडायला आता पोरगा पुढे सरसावला होता. बाईंना फार वाईट वाटलं. पण मुकाट्याने मान डोलावणाऱ्यांतल्या त्या राहिल्या नव्हत्या.

"भाईदासभाई, हिचे दोन तुकडे द्या," त्या दुकानदाराला म्हणाल्या. त्यांनी ते काटकोनात जुळवून धरले. मोराची मान नेमकी कोपऱ्यात कापली गेली.

"सरळ भिंतीवर कोणतीही पट्टी शोभते. कोपऱ्यात धरून बघायची असते."

मग त्यांनी ढिगाच्या तळातून फुलांच्या बारीक वेलीची, फिकट हिरवी पट्टी ओढली. ती कुठेही वळली तरी वेलच राहिली. गिऱ्हाइकाच्या गळ्यात महागाचीच पट्टी मारणारा भाईदासही बाईंच्या बाजूने म्हणाला, "बेननी वात साची छे, चेतनभाई."

चेतनने एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून मोर परत केले.

रविवारी भाईदास स्वतः पट्टी लावायला आला आणि दाराच्या डाव्या चौकटीपासून सुरुवात करू लागला.

"थांबा," उषाबाई म्हणाल्या. "असं गोल फिरून आलात तर उजव्या चौकटीशी फूल अर्धं कापलं जाईल. येणाऱ्याची नजर पहिली तिथेच जाते. दोन्ही चौकटींपासून अख्ख्या फुलाने निघा आणि कपाटामागे भेटा."

"पण बेन, तिथे नक्षी जुळणार नाय."

"नाही जुळली तरी चालेल. साडीच्या लेसचा जोड आपण खोचायच्या बाजूला नेतो ना, दिसू नये म्हणून? या खोलीची खोचायची बाजू कपाटामागे."

भाईदासने हातातली पट्टी खाली ठेवली, दोन्ही चौकटींवर पेन्सिलीने खूण केली आणि पुढची प्रत्येक पट्टी बाईंना विचारून कापली. चेतन न सांगता कपाट सरकवायला लागला.

संध्याकाळी उषाबाईंचा नवरा उखा पलसाण्याच्या डाइंग मिलमधून आला. बायको लेस लावायची तेव्हा वाटेतला पसारा आवर एवढंच आजवर म्हणालेला माणूस. त्याने वेलीवर बोट ठेवलं आणि भिंतीच्या कडेने चालत निघाला. कपाटापाशी अडला, पलीकडून पुन्हा सुरू झाला आणि दाराशी पोचला.

"जोड कोठे शे वं?"

"धुंडा तुमीन."

चेतन सांगायला गेला, तेव्हा उषाबाईंनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. उखाने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, आणि पहिल्या फुलावर पुन्हा बोट ठेवलं.