चाळीस तास

जोव्हलिनने ओले हात नॅपकिनला पुसले, फोन टेबलावर सुहासिनीबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि पडद्यावरची अक्षरं दोन बोटांनी मोठी करून दिली.

"आई, तिसरा पॅराग्राफ वाचा."

सुहासिनीबाई वाती वळत होत्या. बोटांना लागलेला कापूस त्यांनी झटकला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला. पत्र इमिग्रेशनचं होतं, जोव्हलिनच्या कायम वास्तव्याच्या अर्जाबद्दल. मालकाच्या पत्रात अर्जदाराचा उल्लेख घरची मुलगी असा आहे. कामाचे ठरावीक तास नाहीत असं मालक स्वतःच सांगतात. तेव्हा हे नातं नोकरीचं होतं याची खात्री पटत नाही. सबब दोन वर्षांचा अनुभव धरता येत नाही.

त्यांनी ते दोनदा वाचलं.

"म्हणजे? अजून कागद हवेत का त्यांना?"

"नाही म्हणाले, आई. रिफ्यूज."

"असं कसं? माझं पत्र जोडलं होतंस ना?"

"जोडलं होतं," जोव्हलिन म्हणाली, आणि सिंककडे वळून उरलेली भांडी धुऊ लागली. पाठमोरी असली की तिचं वय कळत नसे. सत्तावीस वर्षांची पोर, पण खांद्यांत थोडी वाकलेली. सुहासिनीबाईंच्या यजमानांना, उल्हासरावांना, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर असं दिवसातून सहा वेळा उचलून तिचे खांदे तसे झाले होते.

सुहासिनीबाईंनी लगेच किचनर शहरात राहणाऱ्या जयदीपला फोन लावला. शनिवार होता, त्यामुळे मुलगा पहिल्या रिंगला सापडला. तिकडून पोरांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"आई, तू लिहिलं होतंस तरी काय त्यात? मी फॉरमॅट पाठवला होता ना?"

"तुझ्या फॉरमॅटमध्ये माणूसच नव्हता रे. ड्यूटीज, अवर्स, वेजेस! ती काय फॅक्टरीत कामाला आहे?"

"इमिग्रेशनला फॅक्टरीच हवी असते, आई."

"बरं, आता पुढं काय ते सांग. भांडू नकोस."

जयदीपने सांगितलं ते असं. निर्णयाचा फेरविचार करा म्हणून अर्ज टाकता येईल, पण कन्सल्टंटला सोमवारी सकाळी नवीन पत्र हातात हवं. एक पान. कोरडं. जोव्हलिनचं परमिट मार्चअखेर संपतंय आणि या वर्षी नवीन अर्ज घेणं बंद आहे, त्यामुळे ही शेवटची संधी. हुकली तर तिने परत मायदेशी, इलोइलोचं तिकीट काढायचं. बस्स.

"आणि आई, प्लीज, त्यात मुलगी हा शब्द घालू नकोस."

फोन ठेवल्यावर सुहासिनीबाई पुन्हा वाती वळू लागल्या.

ते पत्र काही त्यांनी उगाच लिहिलं नव्हतं. चार दिवस बसून, देवापुढे ठेवून लिहिलं होतं. गेल्या फेब्रुवारीत मिल्टनच्या हॉलमध्ये कीर्तन होतं. रवींद्रबुवा पाटणकर, नोकरीने इंजिनियर, पण पागोटं चढवून उभे राहिले की बाहेर वीतभर बर्फ आहे हे माणूस विसरतं. पूर्वरंग सेवेवर झाला. सेवा म्हणजे काय, चाकरी म्हणजे काय, आणि एकीचं दुसरीत रूपांतर कसं होतं, हे बुवांनी असं गाऊन सांगितलं, की सुहासिनीबाईंना राहवेना. पूर्वरंग संपून बुवांना हार घालायच्या वेळी त्या उठल्या आणि पर्समधलं पत्र काढून त्यांनी माइकवर वाचलं. "जोव्हलिन ही आमची मुलगी आहे. आम्ही तिला कधी नोकर मानलं नाही. तिच्या सेवेला घड्याळ नाही. रात्री माझ्या यजमानांसाठी ती तीनतीनदा उठते, आणि रविवारी आमच्या मंडळाच्या पंगतीलाही तीच राबते. पोटच्या पोरीने केलं नसतं ते तिने केलं."

बायका डोळे पुसत होत्या. "तिला बोलवा, बोलवा," असं झालं. जोव्हलिन मागे स्वयंपाकघरात शिऱ्याचं पातेलं घासत होती. तशाच ओल्या हातांनी ती पुढे आली, आणि बुवांनी तिच्या कपाळाला बुक्का लावला. गळ्यातला क्रॉस मुठीत धरून ती मान खाली घालून उभी राहिली. उत्तररंगात बुवांनी तिलाही आख्यानात ओवून घेतलं. परक्या देशात, परक्या धर्माच्या पोरीच्या रूपाने देव दारात आला, म्हणाले.

"सुहास, ही तुझी लेक दोन दिवस आमच्याकडे पाठव गं," मंडळातली वनिता नंतर म्हणाली होती. "माझ्या सुनेला दाखवते, सेवा कशी असते ते!"

केवढ्या हसल्या होत्या सगळ्या.

रविवारी सकाळी जोव्हलिन आपल्या चर्चला जाऊन अकराला परतली. बेसमेंटमधल्या खोलीतून तिच्या फोनचा आवाज वर येत होता. आईशी बोलताना ती हसून हसून बोलायची. सुहासिनीबाईंना तिची भाषा कळत नसे, पण कुठलं हसू आतून आलेलं आणि कुठलं वरून चिकटवलेलं, हे कळायला भाषा लागत नाही.

ती वर आली तेव्हा त्यांनी चहा करून ठेवला होता.

"सांगितलंस घरी?"

"नाही. आज जेरिकचा वाढदिवस आहे."

जेरिक म्हणजे तिचा धाकटा भाऊ. सिव्हिल इंजिनियर झाला होता, पोरगा पहिल्या झटक्यात परीक्षा पास. आता एका मॉलमध्ये सामान पिशव्यांत भरायचा. दर पाच महिन्यांनी त्याला घरी बसवायचे आणि पुन्हा नव्याने घ्यायचे, कारण सहा महिने पुरे झाले की कायम करावं लागतं. त्याच्या वर्गातली निम्मी मुलं असंच काहीतरी करत होती, उरलेली निम्मी कुठल्या कुठल्या देशांची विमानं पकडून गेली होती. आपल्या घरातून एकजण गेली आहे, आता दुसऱ्याला ती ओढून घेईल, एवढ्या एका आशेवर त्या घरात वाढदिवस साजरा होत होता.

सुहासिनीबाईंनी कप तिच्याकडे सरकवला. "मला एक कळत नाही, जो. पत्र पाठवायच्या आधी तू वाचलं होतंस ना?"

"वाचलं होतं."

"आणि कन्सल्टंटने?"

"त्यांनी पण." जोव्हलिनने साखर ढवळली, खूप वेळ ढवळली. "ते म्हणाले, हे पत्र चालणार नाही, मॅडमना दुसरं लिहायला सांग."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही हॉलमध्ये सगळ्यांसमोर वाचलंत, आई. तुम्ही रडत होता. सगळे रडत होते. त्यानंतर मी येऊन कसं सांगणार, की हे नको, दुसरं द्या?"

"अगं, वेडे!" सुहासिनीबाईंचा आवाज चढला. "एवढं आयुष्याचं काम, आणि तू भीड धरलीस? माझी पोटची अनुया इथे असती तर पहिल्या ओळीलाच माझ्या अंगावर आली असती. आई, काय बावळटासारखं लिहिलंयस, म्हणाली असती!"

"हो," जोव्हलिन म्हणाली. "अनुयाताई म्हणाल्या असत्या."

चहाचा घोट घेऊन तिने कप खाली ठेवला. मग, इतक्या दिवसांत कधी बोलली नव्हती ते, टेबलक्लॉथवरच्या रेषेवरून बोट फिरवत बोलू लागली.

"मी नर्स झाले तेव्हा आमच्याकडे नोकरीच नव्हती. मोठ्या हॉस्पिटलने मला ठेवलं, पण व्हॉलंटियर म्हणून. पगार नाही. उलट ट्रेनिंग फी मीच भरली. एक वर्ष, बारा-बारा तासांची ड्यूटी. निघताना त्यांनी सुंदर सर्टिफिकेट दिलं. ही मुलगी निःस्वार्थ आहे, असं लिहिलं होतं. इकडे आले तर इथले लोक म्हणाले, पगार नव्हता तर तो अनुभव नाही. ते वर्ष शून्य झालं." ती थोडी हसली. "आता ही दोन वर्षं."

सुहासिनीबाईंनी तिचा हात हातात घेतला. साबणाने खरखरीत झालेला हात.

"माझं चुकलं, बाळा. देवाशपथ, मी प्रेमानेच लिहिलं होतं."

"माहीत आहे, आई."

"यापुढे भीड धरायची नाही. काही चुकतंय असं वाटलं, की तोंडावर सांगायचं. मला प्रॉमिस कर."

जोव्हलिनने त्यांच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि मान डोलावली.

जयदीपने फॉरमॅट पुन्हा पाठवला होता. लॅपटॉप उघडून सुहासिनीबाई बसल्या आणि एकेक रकाना भरू लागल्या. अर्जदार माझ्याकडे नोकरीस आहे. नोकरीस हा शब्द टाइप करताना त्यांना आपण कुणाचं तरी श्राद्ध घालतोय असं वाटलं, पण त्यांनी तो टाइप केला. कामाचं स्वरूप: रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे, औषधं देणे, कूस बदलणे, डायपर बदलणे. वाचायला किती ओंगळ दिसत होतं, आणि एकही गोष्ट खोटी नव्हती. आठवड्याचे तास: चाळीस. सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाच. जयदीपने मेसेजमध्ये लिहिलंच होतं, पे-स्लिपवर आहे तेवढंच घाल, आपलं डोकं चालवू नकोस.

"बघ गं," त्या म्हणाल्या. "आता तरी मनासारखं झालं का?"

जोव्हलिन त्यांच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली. एकेक ओळ वाचत खाली आली. मग बोट पडद्यावर टेकवलं.

"हे चुकलंय."

"काय?"

"चाळीस." तिचा आवाज बारीक झाला होता, पण बोट हललं नाही. "पहिलं पत्र त्यांच्या फाइलमध्ये आहे, आई. त्यात तुम्ही रात्रीचं उठणं लिहिलंय, रविवारचं लिहिलंय. आता चाळीस लिहिलं, तर दोन्हीतलं एक पत्र खोटं ठरणार. कन्सल्टंट म्हणाले, खरे असतील ते तास लिहायला सांग, नाहीतर अर्ज करून उपयोग नाही."

"खरे म्हणजे किती?"

"सत्तर. पंगत असते त्या आठवड्यात पंच्याहत्तर."

सुहासिनीबाईंनी मान वळवून वर पाहिलं. "तू मोजलेस?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. एक वही आहे खाली. हॉस्पिटलनंतर मोजायची सवय लागली."

सुहासिनीबाईंच्या डोळ्यांसमोर ती वही आली, न पाहिलेली. ज्या रात्री ताप होता म्हणून जोव्हलिनने त्यांच्या कपाळावर घड्या ठेवल्या, ती रात्र त्या वहीत असणार. बुक्का लावला तो रविवारही असणार. हॉलमध्ये सगळे रडले, त्या रात्री ही घरी येऊन आकडा लिहीत होती.

फोन पुढ्यातच होता. जयदीपला काय विचारायचं आणि तो काय म्हणेल, दोन्ही त्यांना ठाऊक होतं. पे-स्लिपवर चाळीस, पत्रात सत्तर. मग उरलेल्या तीस तासांचं काय, असं उद्या कुणीतरी दारात येऊन विचारणार. याच दारात. वनिताच्या कानावर जाणार. रवींद्रबुवांच्याही.

"जो," त्या अगदी मायेने म्हणाल्या, "घरातल्या घरात कुणी असे तास मोजतं का गं?"

जोव्हलिनने बोट पडद्यावरून उचललं.

"हे जयदीपने विचार करूनच सांगितलंय. त्याला यातलं कळतं. देव बघणारा आहे, तुझं काही वाईट व्हायचं नाही. मी सांगते ना."

"ओके, आई."

त्यांनी पत्र छापायला दिलं. कोपऱ्यातल्या प्रिंटरने घरघर करत कागद बाहेर टाकला. सुहासिनीबाईंनी सही केली, नेहमीची वळणदार, खाली रेघ ओढून. जोव्हलिनने पत्र दोन्ही हातांनी घेतलं, खुर्ची ओढून समोर बसली आणि ते पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली, परीक्षेचा पेपर वाचावा तसं.

आतून उल्हासरावांची हाक आली. अर्धांगानंतर त्यांना धड म्हणता येईल असा एवढा एकच शब्द उरला होता.

"जो!"

सुहासिनीबाईंनी वाट पाहिली. एरवी हाक पुरी व्हायच्या आत खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा.

"जो!"

"अगं, हे बोलावतायत."

जोव्हलिनने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता; सुहासिनीबाई तो शोधत होत्या, सापडला असता तर बरं झालं असतं. तिने कागद टेबलावर ठेवला, त्यांच्या बाजूला सुलटा करून, आणि हात मांडीवर घेतले.

"आज रविवार आहे, आई," ती म्हणाली.

तिसरी हाक आली. सुहासिनीबाईंनी टेबलाच्या कडेला दोन्ही तळवे टेकले आणि दुखऱ्या गुडघ्यावर भार न देता उठता येतं का, ते पाहू लागल्या.