कोद्रिनचं शून्य

सोमवारी गणिताच्या तासाला कोद्रिनने खुर्ची भिंतीवर फेकली. भिंतीचं काही बिघडलं नाही, खुर्चीचे दोन पाय गेले. दोरोफ्तेई सर मागून येऊन त्याच्या कानाशी खेकसले होते, एवढंच निमित्त. शुक्रवारी शिक्षकांची बैठक होती. वर्तणुकीला दहापैकी सहाच्या खाली गुण पडले की आमच्या शाळेतून नाव कमी होतं, आणि कोद्रिनला चार द्यायचे हे सगळ्यांचं आधीच ठरलं होतं. त्याची वर्गशिक्षिका मी. माझंही ठरलं होतं, खोटं कशाला बोलू? पंधरा वर्षांचा सहा फुटी धटिंगण, सप्टेंबरपासून माझं डोकं खात होता.

त्यात गुरुवारी जिल्ह्याहून फर्मान आलं: लहानपणी सोसलेल्या हालांचा पुढच्या ताणाशी काय संबंध, ते मुलांना समजावून सांगा. सोबत दहा प्रश्नांचा कागद. घरात कुणी मारायचं का, कुणी दारू प्यायचं का, आईबापांपैकी कुणी घर सोडून गेलं का. प्रत्येक 'हो'ला एक गुण. शिकवणार कोण? जीवशास्त्राच्या बाई, म्हणजे मीच. यकृत शिकवते, तर दुःखही शिकवेल.

फळ्यावर मेंदू काढला. नेहमीसारखा बटाटा निघाला. म्हटलं, "लहानपणी रोज धास्ती खाल्ली की अंगातली धोक्याची घंटा अडकून बसते. मग कुणी नुसतं मोठ्याने बोललं तरी वाजते. छाती धडधडते, पोटात गोळा येतो, डोकं चालत नाही. लाथा खाल्लेलं कुत्रं पोस्टमनवरही भुंकतं, तसं."

"म्हणजे बाई, मी गणितात नापास होतो ते आमच्या आजोबांमुळे?" मागच्या बाकावरून रझ्वानने विचारलं.

"नाही रे सोन्या, ते तुझ्या आळसामुळे."

मग कागद वाटले, आणि इथेच माती खाल्ली. आमच्याकडे सगळी परीक्षा दहा गुणांची. पाचाला पास, दहा पडले तर घरी केक. दहा प्रश्न बघून वर्गाने ही परीक्षाच धरली. औषधवाल्याची युस्तिना रडवेली झाली. "बाई, मला एकच मिळाला! शेजाऱ्यांचं कुत्रं चावलं होतं, ते धरता येईल का?"

रझ्वानचे चार. "एका गुणाने गेलो बाई! आमचा बाप परत प्यायला लागलाय, त्याचा अर्धा तरी द्या ना!"

सगळे खिदळले. मीही हसले, देव मला क्षमा करो. "गाढवांनो," म्हटलं, "इथे ज्याला कमी तोच सुखी!"

"मग मी पहिला," कोद्रिन म्हणाला. "शून्य."

कोद्रिनची आई सहा वर्षं इटलीत कुण्या म्हातारीचं हगणंमुतणं काढतेय. बाप शुद्धीवर दिसला तर गावात बातमी होते. हे पोस्टापासून चर्चपर्यंत सगळ्यांना ठाऊक, आणि हा म्हणे शून्य! माझं टाळकंच सटकलं. "खोटारड्या!" म्हणत मी हजेरीचं जाडजूड रजिस्टर टेबलावर आपटलं.

त्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले. एवढा सहा फुटी पोरगा बाकाखाली दुमडला. कुणी हसलं नाही. अर्धा तास मी जे शिकवत होते ते त्याला आधीपासून पाठ होतं. शिकली नव्हती ती मीच. मला माझी भयंकर लाज वाटली.

तास संपल्यावर त्याला थांबवून माफी मागितली. तीस वर्षांच्या नोकरीतली पहिलीच, त्यामुळे नीट जमली नाही.

"असू दे, बाई." तो दाराकडे बघत होता. "शून्य खोटंच आहे. पण खरं लिहिलं की तुम्ही आईला फोन लावणार, आणि ती रडत निघून येणार. मागे आली होती एकदा. आता बाबा मला हात लावत नाही, मी उंच झालोय ना. पण तिला मारेल. तिकडे तिला कुणी मारत नाही. कुणाला सांगू नका."

मी शब्द दिला आणि अडकले.

शुक्रवारी मुख्याध्यापकांनी विचारलं, "अग्लाया बाई, पोराच्या बाजूने काही सांगायचंय?"

माझ्या हातात त्याचं शून्य. "त्याचं नाही सांगणार," मी म्हटलं. "माझं सांगते. याच कागदावर माझे सात गुण होतात. वडील मला अक्रोडाच्या टरफलांवर गुडघे टेकायला लावायचे. अजून कुणी दार आपटलं की मला घाम फुटतो. तुम्ही म्हणता, बाई तापट. तापट कसली, घाबरट आहे मी. सोमवारी त्या पोराला दोरोफ्तेई सरांनी घाबरवलं, काल मी. खुर्ची मीही फेकली असती, पण मला पगार मिळतो."



"हे काय नवीन थेर," दोरोफ्तेई सर पुटपुटले आणि त्यांनी कागद ओढून घेतला. वाचता वाचता टेबलाखाली बोटं मुडपू लागले. एक हात संपला. दुसऱ्या हातावर आले. जन्मभर गणित शिकवलेला माणूस, पण सहाव्या बोटाशी थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.

बराच वेळ लागला. मग त्यांनी कागद पालथा ठेवला.

"वर्तणुकीला आठ लिहा पोराला," ते म्हणाले. त्यांचा इतका हळू आवाज आम्ही कुणीच कधी ऐकला नव्हता.